लक्ष्मीच्या चित्रातला पांढरा रंग

आत्याच्या घरी सोप्यात लक्ष्मीचं एक मोठं चित्र आहे, कमळावर उभी, वरच्या दोन हातांत कमळं, बाजूला हत्ती, आणि आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय की हे राजा रविवर्मांचं ओरिजिनल आहे, आजोबांनी घेतलेलं. दिवाळीच्या साफसफाईत ते खाली काढलं तेव्हा आत्या म्हणाली, "तू हे सगळं वाचत असतोस ना, मग सांग की, किती किंमत होईल ह्याची?"

किंमत नंतर, आधी हे चित्र हाताने काढलंय की छापलंय ते बघायला लागतं. रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत प्रेस काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या देवादिकांच्या प्रिंट्स घराघरात पोचल्या. ह्या प्रिंट दगडावरून छापायचे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि वरून वॉर्निश मारलं की लांबून अगदी तैलचित्र वाटायचं. पण सराफ वापरतात ते दहापट भिंग लावलं की रंग फुटून वेगवेगळ्या रंगांचे बारीक, वेडेवाकडे ठिपके दिसतात. आताच्या ऑफसेट छपाईत तेच ठिपके एकसारख्या जाळीत बसलेले असतात. एक मात्र लक्षात ठेवा, भिंग जरीवर किंवा दागिन्यांवर लावून फसू नका, कारण जुन्या प्रिंटवर जरी आणि दागिने नंतर हाताने रंगवायची, मोती-टिकल्या चिकटवायची पद्धत होती, म्हणून गाल आणि आकाश बघायचं. आमच्या लक्ष्मीच्या गालावर एकही ठिपका नव्हता, ब्रशच्या केसांच्या बारीक रेघा होत्या, हनुवटीखाली तर एक तुटलेला केस रंगातच अडकलेला. म्हणजे हाताने काढलेलं आहे हे पक्कं, आणि मला खरंच फार आनंद झाला.

मग खाली कोपऱ्यातली सही बघितली. जुन्या तैलरंगाला तडे जातात, आणि सही चित्राबरोबरच केलेली असेल तर तडा सहीलाही चिरत जातो. इथे उलटं होतं, सहीचा काळा रंग तड्याच्या आत उतरला होता. म्हणजे तडे आधी गेले, सही नंतर झाली.

खरा निकाल लावला तो पांढऱ्या रंगाने. चित्रकारांकडे पूर्वी शिशाचा पांढरा होता, एकोणिसाव्या शतकात जस्ताचा आला, आणि टायटॅनियमचा पांढरा बाजारात यायला साधारण 1920 उजाडलं. रविवर्मा 1906 मध्ये गेले. त्यामुळे मूळ थरात टायटॅनियम सापडलं तर ते चित्र त्यांचं असूच शकत नाही. अतिनील टॉर्चखाली जस्ताचा पांढरा पिवळट-हिरवा चमकतो, टायटॅनियमचा काळपट राहतो, पण टॉर्च 365 नॅनोमीटरचा घ्या, स्वस्तातले 395 वाले नुसता जांभळा उजेड पाडतात. शिवाय जुनं वॉर्निश स्वतःच हिरवट चमकून खालचं झाकतं, म्हणून फ्रेमखाली दडलेली, वॉर्निश न लागलेली कड तपासायची.

आमची कड काळपट दिसली. खात्रीसाठी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडे नेलं, त्यांच्याकडे हातात धरायचं एक्स-रे मशीन आहे. त्यातला किरण अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतो, बाहेरचा त्या जागी पडतो, आणि पडताना जी ऊर्जा सुटते ती प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली, टायटॅनियमची 4.5 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, जस्ताची 8.6, शिशाची 10.5. चित्राला ओरखडाही पडत नाही. एकाच जागी टायटॅनियम मिळालं तर ती नंतरची डागडुजी असू शकते, मातीच्या रंगांतही ते थोडं असतं, म्हणून त्यांनी सात-आठ ठिकाणी तपासलं, अगदी कॅनव्हासवरच्या पहिल्या अस्तरापर्यंत. सगळीकडे टायटॅनियम, भरपूर. हे उलटं चालत नाही हं, टायटॅनियम नाही म्हणून चित्र जुनंच असं म्हणता येत नाही, कारण जस्ताचा पांढरा आजही दुकानात मिळतो.

तर ही नक्कल, 1920 नंतरची. रविवर्मांच्या खऱ्या चित्रांना 1979 पासून कायद्याने कलानिधीचा दर्जा आहे, ती देशाबाहेर नेता येत नाहीत, ह्या नकलेला तो दर्जा नाही. किंमत ठरते ती हात किती सफाईदार, आकार, फ्रेम आणि कॅनव्हासची अवस्था ह्यावर, आणि विकायची किंमत वेगळी, विम्यासाठीची वेगळी. नंतरची सही असेल तर ते लपवून विकणं म्हणजे सरळ फसवणूक, म्हणून पावतीवर "रविवर्मांच्या चित्रावरून" असंच लिहायला हवं.

आत्या जरा गप्प झाली, मग म्हणाली, "मग काढलं कोणी?" नाव नाही सापडलं. पण हत्तीच्या सोंडेपाशी रंग पातळ आहे, तिथे भिंगातून पेन्सिलीचे चौकोन दिसतात, कोणीतरी एखाद्या प्रिंटवर रेघा आखून घरं मोजत मोजत ही लक्ष्मी मोठी केली होती, आणि एका चौकोनात रेघ चुकली म्हणून खोडून परत मारलेलीही दिसते.