भीती आधी, अफवा नंतर

एप्रिल २०१५ मध्ये नेपाळला मोठा भूकंप झाला. धक्के उत्तर भारतातही जाणवले आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नासा’च्या नावाने मेसेज फिरू लागले: पुढचा, याहून मोठा धक्का आज अमुक वाजता येणार. सरकारला खुलासे करावे लागले. अशा वेळी आपण हमखास म्हणतो, लोक अडाणी आहेत, म्हणून कशावरही विश्वास ठेवतात. मला हे पटत नाही. भूकंपाची वेळ आधी सांगणारी पद्धत जगात कोणाकडेच नाही, हे ठाऊक असलेली शिकलेली माणसंही ते मेसेज पुढे ढकलतात. शिक्षण कमी पडतं, असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

याचा फार चांगला उलगडा आपल्याच देशातल्या एका जुन्या अभ्यासातून होतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार-नेपाळ भूकंपात दहा हजारांहून अधिक माणसं मेली. त्यानंतर उठलेल्या अफवा जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने टिपून ठेवल्या. गंगेचं पाणी नाहीसं झालं आणि आंघोळ करणारे वाळूत रुतले. पाटण्याला भयंकर वादळ येणार. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार. गंमत अशी, की या अफवा जिथे धक्का जोरात बसला, पण डोळ्यांसमोर फारशी पडझड नव्हती, अशा भागातल्या होत्या.

आधीच भेदरलेला माणूस आणखी भेदरवणाऱ्या गोष्टी कशाला मानेल? हाच प्रश्न अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांना पडला. त्यांचं उत्तर असं: धक्क्याने छाती धडधडू लागली. आजूबाजूला पाहावं तर घरं उभी, माणसं धडधाकट. म्हणजे भीती तर आहे, पण तिला साजेसं कारण दिसत नाही. मनातल्या दोन गोष्टींचा असा मेळ बसेना, की माणूस अस्वस्थ होतो. या अवस्थेला त्यांनी बोधात्मक विसंगती म्हटलं. भीती काही मनात आणून घालवता येत नाही, मग मन दुसऱ्या बाजूने जुळवून घेतं: भीतीला शोभेल असं संकट शोधतं. ‘ग्रहणाला भूकंप होणार’ हे ऐकलं, की ‘मी उगाच घाबरलेलो नाही’ हा दिलासा मिळतो. म्हणजे अफवेने भीती निर्माण केली असं नाही, भीतीनेच अफवेला जागा करून दिली.

याची दुसरी बाजूही सापडते. १९५० साली दार्जिलिंगला दरडी कोसळून मोठी हानी झाली. तिथल्या अफवा दुर्गानंद सिन्हा यांनी जमवल्या. त्यांत पुढच्या अरिष्टांची भाकितं नव्हती. त्या लोकांनी विध्वंस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, भीतीचं कारण समोरच होतं. दोन वेगळ्या घटनांची ही तुलना आहे, काटेकोर प्रयोग नव्हे, पण मला ती विलक्षण बोलकी वाटते.

आता मोबाइलकडे पाहा. दूर नेपाळमध्ये कोसळलेली घरं आपण व्हिडिओत बघतो, आपल्या घराला मात्र साधा तडाही नाही. म्हणजे १९३४ ची ती विसंगती आज लाखो लोकांच्या मनात एकाच वेळी तयार होते. त्यात एकच मेसेज चार ग्रुपांवर आला, तर तो अधिक खरा वाटतो. निव्वळ पुनरावृत्तीने विधान खरं वाटू लागतं, हे १९७७ पासून प्रयोगांत दिसत आलं आहे. आणि ग्रहणाच्या दिवशी भूकंपाचं भाकीत करणारे ज्योतिषी दर वेळी पुढे येतात, त्यांचा धंदा याच घाबरलेल्या मनांवर चालतो. त्यांना चॅनेलवर बोलावणाऱ्यांची तर मला चीड येते.

म्हणूनच ‘घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका’ एवढ्याच खुलाशाचा उपयोग होत नाही. त्याने भीती पुन्हा विनाकारणच ठरते आणि मन पुन्हा कारण शोधू लागतं. त्यापेक्षा तिला खरं कारण द्यावं. मोठ्या भूकंपानंतर लहान धक्के येतातच. जपानी शास्त्रज्ञ ओमोरी यांनी १८९४ मध्ये त्यांचा नियम मांडला: धक्क्यांची संख्या साधारणपणे दिवसांच्या व्यस्त प्रमाणात घटते. पहिल्या दिवसाच्या मानाने दहाव्या दिवशी ते सुमारे एक दशांश उरतात. मोठा धक्का पुन्हा येणारच नाही, अशी हमी हा नियम देत नाही आणि एखाद्या धक्क्याची वेळही सांगत नाही. तडे गेलेल्या घरात मात्र तपासणी होईपर्यंत झोपू नये. त्या रात्रीच्या सरकारी मेसेजमध्ये एवढं जरूर असावं.