सफेदा, काजळ आणि उशिरा आलेला कायदा

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांबाबत नवा कायदा झाला. त्याआधीचा मोठा कायदा १९३८ चा, म्हणजे मध्ये ८४ वर्षं गेली. बाजारात आलेलं घातक प्रसाधन सक्तीने परत मागवायला लावण्याचा अधिकार तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला या नव्या कायद्यानेच मिळाला. एवढा उशीर का, हे कळण्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

रंग फासायची हौस माणसाला फार जुनी. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे १ लाख वर्षांपूर्वी शंखशिंपल्यांत कालवलेला गेरू सापडला आहे. तो अंगाला लावत की आणखी कशाला, हे त्या शिंपल्यांवरून ठरत नाही. इजिप्तमध्ये आल्यावर मात्र पुरावा भक्कम होतो. हिरवं मॅलकाइट आणि काळं गॅलेना पाट्यांवर घोटून डोळ्यांना लावत. गॅलेना हे शिशाचं खनिज. थडग्यांतल्या काजळाच्या पृथक्करणात शिशाचे असे क्षारही सापडले, जे निसर्गात क्वचितच मिळतात. म्हणजे ते मुद्दाम बनवलेले होते. २०१० मध्ये फ्रेंच संशोधकांनी मांडलं की हे क्षार अत्यल्प प्रमाणात त्वचेच्या पेशींना चेतवून डोळ्यांचं जंतूंपासून रक्षण करत असावेत. प्रयोगशाळेतल्या पेशींवरून काढलेला हा निष्कर्ष आहे. त्यावरून शिशाला औषध ठरवायची घाई नको.

शिशाचा खरा कहर काजळात नाही, पांढऱ्या रंगात झाला. शिशाचे तुकडे व्हिनेगरच्या भांड्यात ठेवायचे, त्यांवर चढलेला पांढरा थर खरवडायचा, कुटायचा, की सफेदा तयार. थिओफ्रास्टस या ग्रीक अभ्यासकाने इसवीसनपूर्व ३०० च्या सुमारास ही कृती लिहून ठेवली. पुढे इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात निकँडर या ग्रीक कवीने सफेदा पोटात गेल्यावर काय होतं त्याची लक्षणं नोंदवली. म्हणजे विष माहीत होतं. तरीही रोमच्या बायकांनी तो लावला, चीन-जपानमध्ये लावला गेला, आणि युरोपात तर अठराव्या शतकापर्यंत त्याची चलती होती. कारण साधं आहे: तो स्वस्त होता, त्वचेला चिकटून राहायचा आणि सगळे डाग झाकायचा. देवीच्या व्रणांनी विद्रूप झालेल्या चेहऱ्यांच्या काळात हे शेवटचं फार मोलाचं. १५६२ मध्ये देवी आलेली राणी एलिझाबेथ पहिली सफेद्याचे थर चढवायची, असं सर्रास सांगितलं जातं. त्याला समकालीन पुरावा तोकडा आहे. कोव्हेंट्रीची काउंटेस मारिया गनिंग १७६० मध्ये तिशीच्या आत वारली, तिच्या मृत्यूचा दोष मात्र तेव्हापासून सफेद्याकडेच जातो. १८८७ मध्ये जपानच्या सम्राटांसमोर काबुकी या तिथल्या पारंपरिक नाट्याचा प्रयोग चालू असताना एका नामांकित नटाला शिशाच्या विषबाधेने थरथर सुटली. तिथे शिशाची पावडर बंद व्हायला त्यानंतरही १९३० चं दशक उजाडावं लागलं.

दरम्यान झिंक ऑक्साइडचा पांढरा रंग आला होता, तो निर्धोक. पण डांबरापासून कृत्रिम रंग बनवायची विद्याही आली, १८५६ मध्ये पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने क्विनीन हे हिवतापाचं औषध बनवायच्या नादात जांभळा रंग शोधल्यापासून. या रंगांतून केसांचे कलप निघाले. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्यांचा रंग विकला जात होता. त्यात पॅराफेनिलीनडायअमीन हे केसांच्या कलपातलं रसायन होतं. एका बाईचे डोळे गेले, एकीचा मृत्यू झाला, आणि प्रशासन हातावर हात ठेवून बसलं, कारण १९०६ च्या कायद्यात प्रसाधनांचा उल्लेखच नव्हता. अधिकाऱ्यांनी मग अशा वस्तूंचं प्रदर्शनच मांडलं. वार्ताहरांनी त्याला ‘चेंबर ऑफ हॉरर्स’ म्हटलं. पाच वर्षांनी कायदा झाला आणि लॅश ल्युअर जप्त झालं. गंमत म्हणजे त्याच कायद्याने डांबरी रंगाच्या केसांच्या कलपांना, वेष्टनावर इशारा छापला असेल तर, घातक मालाला भेसळीचा ठरवणाऱ्या तरतुदीतून सूट दिली. ती सूट आजही आहे.

पारा अजून गेलेला नाही. तो त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे तिला सावळा रंग देणारं द्रव्य, तयार होऊ देत नाही, म्हणून गोरेपणाच्या क्रीममध्ये घालतात; मूत्रपिंडं बिघडतात ती त्यानेच. पाऱ्याला आळा घालणाऱ्या २०१३ च्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने अशा क्रीममध्ये किलोमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा घातली होती. २०२३ मध्ये सदस्य देशांनी तीही काढून टाकली आणि २०२५ नंतर पारा घातलेली प्रसाधनं बनवणं, आयात-निर्यात करणं पूर्ण बंद करायचं ठरवलं.