संगणकप्रणालीचे मराठीकरण

लिनक्ससारख्या मुक्त स्रोत, म्हणजे मूळ प्रोग्रॅम कोणालाही पाहता आणि बदलता येणाऱ्या, संगणकप्रणालीत मराठी नीट लिहिता-वाचता यावी, शब्द मराठी वर्णक्रमाने लावता यावेत आणि पडद्यावरच्या सूचना मराठीत दिसाव्यात, यासाठी करावे लागणारे काम. त्याचे दोन भाग आहेत. प्रोग्रॅमची मूळ बांधणीच अशी करायची की तो कोणत्याही भाषेत नेता येईल, हे आंतरराष्ट्रीयीकरण. त्या बांधणीत एखाद्या भाषेचे शब्द, अंक आणि वर्णक्रम भरायचे, हे स्थानिकीकरण. दुसरे काम चार भाषाप्रेमी मिळून पार पाडू शकतात. पहिले कच्चे राहिले, तर मात्र त्यांचा नाइलाज होतो.

बडोद्यात या कामाला वेगळे वळण मिळते. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या मराठी घरांत बोलणे मराठी, पण दुकानावरची पाटी गुजराती आणि मुलांची शाळा गुजराती किंवा इंग्रजी. संगणकप्रणाली भाषेची निवड भाषा आणि देश अशा जोडीने करते : मराठी–भारत, गुजराती–भारत. राज्य कोणते, हे ती विचारत नाही, म्हणून बडोदेकराला पुणेकराइतकीच मराठी मिळते. त्याहून मोलाची सोय ग्नू गेटटेक्स्टमध्ये आहे. भाषांतरित वाक्ये पडद्यावर आणणारी ही व्यवस्था एकाहून अधिक भाषांचा पसंतीक्रम मानते. आधी मराठी, मग गुजराती, मग हिंदी असा क्रम लावला की ज्या वाक्याचे मराठी भाषांतर झालेले नसेल ते गुजरातीत दिसते. गुजरातीही नसेल तर हिंदीत, आणि सगळे संपले तरच इंग्रजीत. दोन भाषांत वाढलेल्या माणसाला याहून नैसर्गिक मांडणी दुसरी नाही. ती फारच थोड्यांना माहीत आहे, याची खंत वाटते.

लिहिण्याची अडचण शहराच्या नावांतच दिसते. ‘रावपुरा’ सरळ लिहिता येते. ‘रावपुऱ्यात’ लिहायचे झाले की ‘ऱ्य’ लागतो आणि नेहमीचा र घेऊन पुढे हलंत आणि य दिला, तर त्याचा रफार होऊन ‘रावपुर्यात’ उमटते. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही निराळी माणसे आहेत. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकावर इंग्रजी ‘जे’ची कळ र देते, शिफ्टसह दाबली तर ऱ देते. त्यापुढे ‘डी’च्या कळीवरचा हलंत आणि मग य, की जोडाक्षर बरोबर येते. गुजराती लिपीत ऱ हे अक्षर नाही, म्हणून गुजरातीत टंकलेखन शिकलेल्याला ही कळ ठाऊक नसते. एरवी इन्स्क्रिप्टमध्ये भारतीय लिप्यांची अक्षरे त्याच त्या जागी आहेत, क आणि ક एकाच कळीवर, त्यामुळे अशा माणसाला मराठीसाठी नव्याने फार थोडे शिकावे लागते. ऱ्य लिहिण्याची दुसरी रीतही प्रचलित आहे : साधा र, हलंत, एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. दोन्ही रूपे दिसायला सारखी, आतली युनिकोडची (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीची) चिन्हे वेगळी, म्हणून साध्या शोधात एक सापडते आणि दुसरे निसटते. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले.

वर्णक्रमाचेही तसेच. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या शेजारी बसतो. मराठी मुळाक्षरांत तो ह नंतर येतो आणि त्यामागून क्ष, ज्ञ. गुजराती कक्कोही असाच संपतो. हा क्रम प्रणालीला वेगळा सांगावा लागतो. नाही तर ग्रंथालयाच्या यादीत ‘क्षीरसागर’ क च्या गर्दीत हरवतात.

भाषांतराचे खरे कष्ट व्याकरणात आहेत. इंग्रजी वाक्यात नावासाठी रिकामी जागा सोडून ‘अमुक पुसले’ असा साचा एकदाच केलेला असतो. मराठीत फोल्डर पुसला जातो, फाइल पुसली जाते, चित्र पुसले जाते. एक साचा तिघांना पुरत नाही. विभक्तीची गत याहून अवघड. ‘कचरापेटी’ची ‘कचरापेटीत’ होते, ‘संग्रह’चे ‘संग्रहात’. रिकाम्या जागेत पडणाऱ्या नावाचे सामान्यरूप प्रोग्रॅम करू शकत नाही. मग भाषांतरकार ‘येथे हलवा : संग्रह’ अशी मोडती रचना पत्करतो. हा दोष त्याच्या मराठीचा नव्हे. प्रत्येक प्रकारासाठी पूर्ण वाक्य वेगळे ठेवणे हाच उपाय, आणि तो मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातात असतो. मुक्त स्रोत प्रणालीत त्याला तसे कळवता येते, दुरुस्ती करूनही पाठवता येते.

प्रतिशब्दांचा प्रश्न बडोद्याला नवा नाही. राज्यकारभारातल्या शब्दांना अनेक भाषांतले प्रतिशब्द देणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कोश बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये काढला. एका संकल्पनेसमोर अनेक भाषांतले शब्द ओळीने मांडायचे, ही आजच्या भाषांतरसंचांचीही रीत. घडवलेले सगळेच शब्द रुजत नाहीत. ‘जतन करा’ रुजला; ‘फाइल’ला ‘धारिका’ म्हणणारा सहसा भेटत नाही. बडोद्यात तर ‘खोला’ आणि ‘उघडा’ यांतला मराठी कोणता, हेही घरोघरी सांगावे लागते.

एकदा केलेले भाषांतर कायम टिकत नाही. मूळ इंग्रजी वाक्यात एक शब्द बदलला, तरी गेटटेक्स्टची साधने जुन्या भाषांतरावर ‘संदिग्ध’ अशी खूण करतात आणि कोणी ते तपासून खूण काढेपर्यंत ते वापरकर्त्याला दाखवले जात नाही. अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी पडदा पुष्कळदा यामुळेच दिसतो. लिनक्सवर खिडक्या आणि मेनू दाखवणाऱ्या ग्नोम या व्यवस्थेची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. तिच्या आधी काही आठवडे मूळ वाक्ये गोठवली जातात आणि साचलेल्या खुणा तेवढ्या अवधीत निपटाव्या लागतात. यासाठी प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नसते. मराठी चांगली हवी आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा बसण्याची तयारी हवी.