ओझोन हे ऑक्सिजनचं समस्थानिक नव्हे

सोलापुरात नवी पेठेत भाच्याच्या नोट्सची झेरॉक्स काढायला थांबलो होतो. मशीन जुनं. पन्नासेक पानं झाल्यावर तो ओळखीचा तिखटसर वास सुटला. मी म्हणालो, "ओझोन." भाचा नववीत. लगेच म्हणाला, "म्हणजे ऑक्सिजनचं समस्थानिक ना, मामा?"

नाही रे. ओझोन हे अपरूप. 'एकाच मूलद्रव्याची वेगवेगळी रूपं' एवढंच पाठ केलं की समस्थानिक आणि अपरूप यांची गल्लत ठरलेली.

अपरूपात अणू तेच असतात, त्यांची जोडणी बदलते. आपण श्वासात घेतो त्या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू, ओझोनमध्ये तीन. झेरॉक्स मशीनमधल्या उच्च दाबाच्या विजेने काही रेणू फुटतात आणि सुटा झालेला अणू दुसऱ्या जोडीला जाऊन चिकटतो. 1840 साली शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने अशाच विजेच्या प्रयोगातल्या वासावरून हा वायू ओळखला. नावही 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं. एक अणू वाढला तर स्वभाव पार बदलतो. ऑक्सिजन उणे 183 अंश सेल्सिअसला उकळतो, ओझोन उणे 112 ला. वर आकाशात ओझोन अतिनील किरण अडवतो, पाण्याच्या बाटल्या भरताना जंतू मारतो, पण छातीत गेला तर फुप्फुसांना त्रासच.

समस्थानिकाचा मामला थेट अणुकेंद्रातला. प्रोटॉन आठच, नाहीतर तो ऑक्सिजन उरणारच नाही. न्यूट्रॉन मात्र आठ, नऊ किंवा दहा. म्हणून ऑक्सिजन-16, 17 आणि 18. तिन्ही स्थिर. निसर्गात 16 चा वाटा 99.76 टक्के, 18 चा जेमतेम 0.2, आणि 17 तर त्याहूनही नगण्य. हे दोन जड भाऊ 1929 पर्यंत कुणाला सापडलेच नव्हते. कसे सापडणार? वास तोच, रंग तोच, रासायनिक वागणूक जवळपास तीच. फरक वजनाचा.

पण त्या वजनाचा परिणाम आपल्या सिद्धेश्वर तलावातही होतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की पाणी झपाट्याने उडतं. त्यात ऑक्सिजन-16 असलेले हलके रेणू थोडे जास्त सहज उडतात आणि मागे उरलेल्या पाण्यात 18 चं प्रमाण किंचित वाढतं. डोळ्यांना काही दिसणार नाही. अणू-रेणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या वस्तुमान वर्णपटमापी यंत्राला दिसतं. ध्रुवीय बर्फाच्या थरांतलं हेच प्रमाण मोजून जुन्या काळचं तापमान काढतात.

मला सगळ्यात आवडतो तो 1941 चा रूबेन आणि केमेन यांचा प्रयोग. त्यांनी ऑक्सिजन-18 जास्त असलेलं पाणी शैवालाला दिलं आणि बाहेर पडलेला ऑक्सिजन तपासला. तो पाण्यातला निघाला, कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे. मंगळवेढ्याची ज्वारी दिवसभर हवेत सोडते तो ऑक्सिजनही असाच, मुळांनी ओढलेल्या पाण्यातला.

भाचा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "पण मामा, ओझोनच्या तीन अणूंतला एखादा 18 वाला निघाला तर?"

निघतोच. मघाच्या त्या वासात साधारण दीडशे-दोनशे रेणूंमागे एक तसा होता.