विद्युतचुंबकीय वर्णपट

विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र एकमेकांना काटकोनात आंदोलत पुढे सरकतात, तेव्हा विद्युतचुंबकीय तरंग तयार होतो. अशा सर्व तरंगांची तरंगलांबीनुसार किंवा वारंवारतेनुसार केलेली मांडणी म्हणजे विद्युतचुंबकीय वर्णपट. लांब तरंगांकडून आखूड तरंगांकडे जाताना रेडिओ तरंग, सूक्ष्मतरंग, अवरक्त किरण, दृश्य प्रकाश, जंबुपार (अतिनील) किरण, क्ष-किरण आणि गॅमा किरण असा त्याचा क्रम लागतो. निर्वातात या सर्वांचा वेग एकच, सेकंदाला सुमारे २,९९,७९२ किलोमीटर. त्यामुळे तरंगलांबी वाढली की वारंवारता घटते. आकाशवाणीचे पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला लागते. त्या एका तरंगाची लांबी सुमारे ३७९ मीटर भरते. क्ष-किरणांचा तरंग मात्र अणूच्या आकाराइतका, तर गॅमा किरणांचा त्याहूनही लहान असतो.

डोळ्यांना यातले फारच थोडे दिसते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर, म्हणजे एका टोकाची दुसऱ्याच्या जेमतेम दुप्पट. पेटीच्या भाषेत सांगायचे तर हे एक सप्तक झाले. एक किलोमीटर लांबीच्या रेडिओ तरंगापासून गॅमा किरणांच्या एक पिकोमीटरपर्यंत अशी सुमारे ५० सप्तके होतात. शाळेत घोकलेले 'तानापिहिनिपाजा' त्यातल्या एकाच सप्तकात संपते.

'ता'च्या अलीकडेही काहीतरी आहे, हे विल्यम हर्शेल यांना १८०० साली कळले. सूर्य पाहण्यासाठी ते वेगवेगळ्या रंगांच्या काचा वापरत, आणि काच बदलली की डोळ्याला जाणवणारी उष्णताही बदलते असे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात एकेका रंगावर तापमापी ठेवला आणि तुलनेसाठी आणखी तापमापी पट्ट्याच्या बाहेर ठेवले. जांभळ्याकडून तांबड्याकडे पारा चढत गेला, आणि तांबडा संपल्यावर, जिथे टेबलावर काहीच दिसत नव्हते तिथे, तो आणखी वर गेला. सूर्याची सर्वाधिक ऊर्जा तांबड्यापलीकडे आहे, असा अर्थ मात्र यातून काढू नये. लोलक तांबड्या बाजूचा पट्टा कमी पसरवतो, त्यामुळे तिथली ऊर्जा थोड्या जागेत गोळा होते. पुढच्याच वर्षी योहान रिटर यांनी दुसऱ्या टोकाला, 'जा'च्या पलीकडे, सिल्व्हर क्लोराइड अधिक लवकर काळे पडते हे दाखवले. ते जंबुपार किरण.

हे सगळे एकाच कुळातले आहेत हे उमगायला आणखी साठेक वर्षे लागली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या समीकरणांतून विद्युतचुंबकीय तरंगांचा जो वेग निघाला, तो प्रकाशाच्या वेगाशी जुळला. हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये रेडिओ तरंग प्रत्यक्ष निर्माण केले. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी ते काही मिलिमीटरपर्यंत आखूड केले. नोव्हेंबर १८९५ मध्ये विल्हेल्म राँटगेन यांना झाकलेल्या नळीतून बाहेर पडणारे अनोळखी किरण सापडले. बीजगणितातल्या अज्ञात राशीचे नाव त्यांनी या किरणांना दिले. मराठीत ती राशी 'क्ष', म्हणून क्ष-किरण.

प्रकारांमधल्या सीमारेषा आपण सोयीसाठी आखलेल्या आहेत. सूक्ष्मतरंग एक मीटरपासून एक मिलिमीटरपर्यंत धरतात, पण काही जण त्यांना रेडिओ तरंगांतच मोजतात. क्ष-किरण आणि गॅमा किरण यांच्या ऊर्जा तर एकमेकांत मिसळतात. अणुकेंद्रातून निघाले तर गॅमा आणि इलेक्ट्रॉनांच्या हालचालीतून निघाले तर क्ष, असा भेद तिथे रूढ आहे. म्हणजे नाव ठरते ते घराण्यावरून.

एक भेद मात्र खरोखर महत्त्वाचा आहे. प्रकाश फोटॉनांच्या पुड्यांत येतो आणि वारंवारता जितकी जास्त तितकी एका फोटॉनची ऊर्जा जास्त. अणूतून इलेक्ट्रॉन उखडायला साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचे अगदी छोटे एकक) लागतात. क्ष-किरण आणि गॅमा किरण हे सहज करतात, जंबुपार पट्ट्याचे फक्त वरचे टोक करू शकते. मोबाइलच्या २ गिगाहर्ट्झ तरंगातल्या एका फोटॉनची ऊर्जा त्याच्या दहा लाखांश भागाहूनही कमी असते; त्यातून मुख्यतः होते ती ऊब. आरोग्यावरील परिणामांचा अभ्यास थांबलेला नाही, आणि कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०११ मध्ये रेडिओ तरंगांना 'कदाचित कर्ककारक' या गटात ठेवले आहे. तरीही मोबाइल मनोऱ्यांच्या बातम्यांत सर्रास छापला जाणारा 'किरणोत्सर्ग' हा शब्द चुकीचाच. किरणोत्सर्ग म्हणजे युरेनियमसारख्या अणुकेंद्रांचे विघटन. मनोऱ्यातून निघते ते प्रारण, म्हणजे तरंगांच्या रूपाने बाहेर पडणारी ऊर्जा. मराठीत दोन वेगळे शब्द असताना ही गल्लत व्हावी, हे खटकते.

एखादा पदार्थ भिंत ठरणार की खिडकी, हे तरंगलांबीवर अवलंबून असते. घरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधले तरंग २.४५ गिगाहर्ट्झचे, म्हणजे सुमारे १२ सेंटिमीटर लांब. त्याच्या दारावरच्या जाळीची भोके मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. प्रकाश त्यांतून आरपार येतो म्हणून आतले दिसते, पण सूक्ष्मतरंगांना ती जाळी सलग पत्र्यासारखी वाटते आणि ते मागे परततात. आतली फिरती तबकडी काढून उडदाचा मोठा पापड ठेवला, तर तो सगळीकडे एकदम फुलत नाही. ठरावीक ठिकाणी पांढरे फुगवटे उमटतात आणि मधला भाग कच्चाच राहतो. मागे-पुढे जाणाऱ्या तरंगांचे जोर ज्या जागी साठतात त्या या जागा. त्यांच्यातले अंतर ढोबळमानाने अर्ध्या तरंगलांबीचे, म्हणजे सहा सेंटिमीटरच्या आसपास येते.

हेच तत्त्व जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे मोठ्या प्रमाणावर दिसते. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'जीएमआरटी' या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतल्या १४ मधल्या भागात एकवटलेल्या आहेत, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना पसरल्या आहेत. या तबकड्या भरीव नाहीत. पोलादी दोरांवर ताणलेल्या बारीक तारांच्या जाळीतून पलीकडचे आभाळ दिसते आणि वाराही निघून जातो. दुर्बीण मुख्यतः मीटरच्या घरातले तरंग टिपते. तिच्या वरच्या टोकाला हायड्रोजनचा २१ सेंटिमीटरचा तरंग येतो. त्याच्यापुढेही जाळीची भोके लहानच, म्हणून जाळी आरशाचे काम करते. आरसा हलका झाला, खर्चही घटला.

जमिनीवरून आकाश पाहायला वातावरणाने दोनच मोठ्या खिडक्या ठेवल्या आहेत, दृश्य प्रकाशाची आणि रेडिओची. क्ष-किरण वरच्या वातावरणातच अडतात. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रह सोडावा लागला. त्यातल्या उपकरणांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेचा वाटा आहे. खोडदची अडचण जमिनीवरची. दूरच्या दीर्घिकांकडून येणारे संकेत इतके क्षीण असतात की जवळचा मोबाइल किंवा विजेच्या तारेतली ठिणगीही त्यांना झाकून टाकते. पुणे-नाशिक नियोजित रेल्वेमार्गाचा फेरविचार करावा लागला, त्यामागे ही दुर्बीणही होती.