दहा रक्तस्राव की सतरा?

एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे ठोके अनियमित पडतात आणि हृदयात रक्ताची गुठळी धरण्याचा धोका वाढतो. ती गुठळी मेंदूत जाऊन अडकली की पक्षाघात. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीने तो बऱ्याच अंशी टाळता येतो, पण त्याच गोळीमुळे पोटात गंभीर रक्तस्रावही होऊ शकतो. मग ती कोणाला द्यायची आणि कोणाला नाही?

कॅनडातल्या संशोधकांनी हा पेच दोन गटांपुढे ठेवला: असे पेशंट तपासणारे डॉक्टर आणि हा विकार होण्याची शक्यता जास्त असलेले पेशंट. गोळीमुळे शंभरात आठ जणांचा पक्षाघात टळणार असेल, तर त्या बदल्यात किती जादा रक्तस्राव चालतील? २००१ साली निष्कर्ष छापून आले. डॉक्टरांची तयारी सरासरी दहापर्यंत होती, पेशंटांची सतरापर्यंत.

माहिती दोघांनाही सारखीच दिली होती. फरक होता तो कशाची धास्ती जास्त, यात. आपण लिहून दिलेल्या गोळीने झालेला रक्तस्राव डॉक्टरला जास्त टोचत असावा, हा माझा अंदाज. अंथरुणाला खिळण्याची भीती मात्र पेशंटचीच.

उपचारांच्या मार्गदर्शिका लिहिताना नेमका हाच हिशेब मांडावा लागतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ग्रेड’ पद्धतीत समिती उपचाराच्या प्रत्येक परिणामाला १ ते ९ गुण देते. ७ ते ९ गुणांचे परिणाम निर्णायक धरले जातात. औषधाच्या चाचण्यांमधून धोका किती घटतो ते कळतं. दोन धोक्यांपैकी कोणता जास्त वाईट, हे कुठल्याच चाचणीत निघत नाही. म्हणून पेशंटला समितीत घेणं हा मानपानाचा प्रश्न नाही. त्याच्याशिवाय माहितीच अपुरी राहते.

संधिवाताचं उदाहरण बघा. या आजाराच्या चाचण्यांमध्ये काय मोजायचं हे ठरवणाऱ्या ‘ओमेरॅक्ट’ या आंतरराष्ट्रीय गटाने २००२ मध्ये पहिल्यांदा पेशंटांना चर्चेला बसवलं. तज्ज्ञांच्या यादीत सुजलेले सांधे, वेदना, रक्ततपासण्या असं सगळं होतं. पेशंट म्हणाले, थकव्याचं काय? भरपूर झोपूनही न जाणारा, साधं काम हातून होऊ न देणारा थकवा यादीत नव्हताच. पुढच्या काही वर्षांत तो मोजायची शिफारस झाली.

काळजी घेणाऱ्यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटला दिवसातून तीनदा गोळी द्या, हे कागदावर सोपं वाटतं. गोळी थुंकून टाकणाऱ्या, मध्यरात्री दार उघडून बाहेर पडणाऱ्या माणसाला ती कशी द्यायची, हे घरच्यांनाच ठाऊक. पण घरचा माणूस म्हणजे पेशंटचा आवाज नव्हे. अशा पेशंटला शांत करणारी काही औषधं पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढवतात. त्याच औषधांनी घरच्यांना मात्र रात्रीची झोप मिळू शकते. दोघांचंही म्हणणं खरं आहे, फक्त ते एक नाही. समितीने ते वेगवेगळं ऐकायला हवं. काळजी घेणाऱ्याची झोप, पाठदुखी, सुटलेली नोकरी हाही आरोग्याचाच विषय आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२० मध्ये त्यावर स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली.

हीच संस्था प्रत्येक समितीत किमान दोन सामान्य सदस्य, म्हणजे तज्ज्ञ नसलेले पेशंट, काळजी घेणारे किंवा साधे नागरिक, घेते. एकच असला की डझनभर तज्ज्ञांच्या परिभाषेत त्याचं तोंड उघडत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण संख्येपेक्षा वेळ महत्त्वाची. मसुदा पूर्ण झाल्यावर अभिप्राय मागवला, तर फार तर शब्द बदलतात. प्रश्न केव्हाच ठरलेले असतात. २००४ पासून काम करणारी ‘जेम्स लिंड अलायन्स’ म्हणूनच सुरुवातीला हात घालते: संशोधनाने आधी कोणत्या प्रश्नांची उत्तरं शोधावीत, हे तिथे पेशंट, काळजी घेणारे आणि डॉक्टर मिळून ठरवतात.

एकदोघांचा अनुभव म्हणजे सगळ्यांचा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी सर्वेक्षणं, मुलाखतींवर आधारित अभ्यास यांची जोड लागते. पेशंटांच्या काही संघटनांना औषध कंपन्या पैसे देतात. तेव्हा हितसंबंध जाहीर करण्याचा नियम डॉक्टरांइतकाच त्यांनाही लागू व्हावा. आणि मानधन द्यावं. तज्ज्ञ बैठकीला येतात तेव्हा त्यांचा पगार सहसा चालूच असतो. पेशंटचा रोज बुडतो, आणि काळजी घेणाऱ्याला त्या दिवसापुरतं घरी बसायला दुसरं कोणीतरी शोधावं लागतं.