‘खंबाटकी ओलांडला का?’ : सतत काळजी करणाऱ्या माणसाची सोबत

माझी आत्या सांगलीच्या गावभागात राहते आणि तिचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. रविवारी संध्याकाळी तो गाडी घेऊन परत निघाला की पेठ नाका, कराड, सातारा आणि खंबाटकी घाट अशा टप्प्यांनी तिचे घड्याळ चालू लागते. गाडी चालवताना तो फोन उचलत नाही, म्हणून फोन मला येतो. “खंबाटकी ओलांडला का रे त्याने?” “ओलांडला असेल, आत्या.” “असेल म्हणजे?” मग मी त्याला संदेश पाठवायचा, तो चहाला थांबला की उत्तर द्यायचा, आणि मी तिला कळवायचे की तो शिरवळला सुखरूप पोहोचला आहे. पलीकडून सुटकेचा एक लांब श्वास ऐकू येई. दहा मिनिटांनी पुन्हा फोन वाजे, कारण कात्रजला गर्दी असते असे तिला आठवलेले असे. कितीतरी वर्षे मी हे फोन मनापासून घेतले आणि आपण तिला मदत करत आहोत असे समजत राहिलो. काळजीच्या आजाराविषयी वाचू लागल्यावर ध्यानात आले की खरी मेख त्या दहा मिनिटांच्या शांततेतच आहे.

काळजी मुळात वाईट नसते, हे सांगलीकराला वेगळे सांगावे लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा ज्यांनी आधीच काळजी करून धान्य आणि कागदपत्रे माडीवर नेली होती, त्यांचे नुकसान कमी झाले. अशा काळजीला बाहेर मोजता येईल असे काहीतरी असते, तिच्यातून एखादी कृती निघते आणि पाणी ओसरले की तीही ओसरते. सतत काळजी करणाऱ्याच्या मनातल्या नदीला मात्र अशी पट्टी नसते, आणि पात्र कोरडे पडल्यावरही तिथला भोंगा वाजत राहतो.

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असे आपण म्हणतो, आणि उत्क्रांतीच्या अंगाने पाहिले तर मनाची ही खोड अकारण नाही. शेतावर राखणीला ठेवलेला कुत्रा पाचोळा वाजला तरी भुंकतो. शंभर वेळा उगीच भुंकण्यापेक्षा एकदा चोर सुटणे महागात पडते. मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग अशीच राखण करतो, आणि कपाळामागचा मेंदू त्याला ‘पाचोळाच आहे’ असे सांगून शांत करतो. काहींच्या बाबतीत हा संवाद नीट जुळत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो आणि आयुष्यातल्या अनुभवांचाही. ‘स्वभावच तसा’ एवढे म्हणून ते संपत नाही.

वैद्यकाने १९८० मध्ये या अवस्थेला जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर, म्हणजे सर्वव्यापी चिंताविकार, असे स्वतंत्र निदान दिले. सध्याच्या निकषांनुसार किमान सहा महिने, बहुतेक दिवस, अनेक गोष्टींविषयी आवरता न येणारी काळजी असावी लागते, तिच्यामुळे रोजचे जगणे अडखळावे लागते आणि तिच्या जोडीला अस्वस्थता, थकवा, चिडचिड, लक्ष न लागणे, स्नायू आखडणे किंवा झोप बिघडणे यांपैकी किमान तीन तक्रारी असाव्या लागतात. आपल्या घरांत मात्र ‘मला चिंता वाटते’ असे क्वचितच कोणी म्हणते. मान धरली आहे, छातीत धडधडते, पोटात गोळा येतो, अशीच भाषा असते. थायरॉइडचा स्राव वाढल्यानेही धडधड आणि बेचैनी होते, म्हणून आधी ती तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

या काळजीचा गाभा संकटाच्या भीतीपेक्षा अनिश्चितता न सोसण्यात आहे, असे कॅनडातल्या मिशेल द्युगास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून मांडले. आत्याचा ‘असेल म्हणजे?’ हा प्रश्न ऐकला की ते पटते. तिला अपघाताची बातमी आलेली नसते. तिला ‘असेल’ हा शब्दच सोसत नाही. त्यात आणखी एक गुंता असा की बहुतेक प्रवास सुखरूप पार पडतात आणि त्याचे श्रेय मन गुपचूप काळजीला देऊन टाकते. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हा विकार असलेल्या २९ जणांनी आपल्या काळज्या लिहून ठेवल्या आणि त्यांचे पुढे काय झाले ते महिनाभर पाहिले. सुमारे ९१ टक्के काळज्या खऱ्या ठरल्या नाहीत. अभ्यास लहान होता, पण स्वतःच्या हाताने केलेली ही नोंद त्या माणसांना उपयोगी पडली. (हा आकडा आत्याला नुसता ऐकवण्यात अर्थ नव्हता, तिने उरलेल्या नऊ टक्क्यांचे काय, असे विचारले असते.)

आता घरच्यांची भूमिका. आपण खात्री दिली की बेचैनी तत्काळ उतरते, आणि त्या सुटकेमुळेच मेंदू शिकतो की पुन्हा असे वाटले तर विचारावे. ‘अनिश्चितता मी सोसली आणि काही बिघडले नाही’ हा धडा मिळण्याची वेळच येत नाही. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांच्या गटाने चिंताविकार असलेल्या १२४ मुलांवर केलेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या एका गटात मुलांना न भेटता केवळ पालकांना ‘चिंतेची सोय पाहणे’, म्हणजे मूल घाबरले की त्याला हवी ती खात्री देत राहणे किंवा भीतीची गोष्ट टाळू देणे, कमी करण्यास शिकवले, आणि त्याचा परिणाम मुलांवर थेट केलेल्या मानसोपचाराच्या तोडीचा निघाला. तो अभ्यास मुलांचा होता, ज्येष्ठांचा नव्हे. तरी खात्रीचे हे चक्र कोणत्याही वयात तसेच फिरते.

मराठीत धीर आणि खात्री असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि मला वाटते सारे मर्म त्यांच्यातल्या फरकात आहे. “तो पोहोचला, मी पाहिले” ही खात्री झाली. “तुझा जीव वर-खाली होतोय हे कळतंय मला, थोडा वेळ बोलत बसू” हा धीर झाला. पहिल्यात प्रश्नाला उत्तर मिळते, दुसऱ्यात माणसाला सोबत मिळते. मात्र हा बदल एका रात्री आणि न सांगता केला तर तो निष्ठुरपणा ठरेल. म्हणून एका निवांत दुपारी, चहा घेताना, आम्ही दोघांनी मिळून ठरवले की रविवारी फोन एकदाच करायचा, साडेनऊला. “काळजी करू नकोस” हे वाक्यही मी सोडले. एखादा विचार दाबू पाहिला की तो उसळून परत येतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये पांढऱ्या अस्वलाच्या साध्या प्रयोगातून दाखवले होते. ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असे सांगितलेल्यांना ते अस्वल आठवतच राहिले.

काळजी दाबण्याऐवजी तिला वेळ नेमून देणे अधिक जमते. थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हा उपाय तपासला : रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास मनसोक्त काळजी करायची आणि एरवी आलेली काळजी त्या वेळेसाठी राखून ठेवायची. आत्या दुपारी चारला माजघरात बसून जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिते. जिथे काही करता येईल तिथे ती खूण करते, जसे गाडीच्या टायरांची हवा. उरलेले तसेच राहते. झोपण्याच्या तोंडावर ही वेळ कधीच ठेवू नये.

एवढ्याने भागत नसेल, झोप किंवा जेवण तुटले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती आणि औषधे, दोन्ही उपयोगी पडतात; नेहमीच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. झोपेच्या गोळ्या मनाने चालू ठेवू नयेत, त्यांची सवय लागते. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. जगणे नकोसे झाल्याची भाषा निघाली, तर वाट पाहू नये.

पहिल्या दोन रविवारी आत्या रागावली. “तूही कंटाळलास मला,” असे म्हणाली, आणि ते मला लागले. तिसऱ्या रविवारी मात्र साडेनऊलाच फोन आला. परवा तिने खंबाटकीचे नावही काढले नाही. आयर्विनपाशी पाणी किती आहे, एवढेच विचारले. कोयनेच्या पाणलोटात दोन दिवस मोठा पाऊस पडत होता आणि नदी खरोखरच चढत होती, म्हणून मी तिला आकडा सांगितला.